डोंगरदेवीची मोजणी

कामिओरी गाव, ३ ऑक्टोबर
(इवाओकाकांचं, चिनात्सुला)

चिनात्सु पोरी,

पत्र हवापाण्याने सुरू करावं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण तुझ्या कंपनीचा धंदाच हवापाण्याचा, तेव्हा ते तुझ्यावर सोपवतो आणि आधी हिशेब सांगतो. आमचा माणूस येऊन गावाला 'हवामान आणि जंगल' समजावून सांगेल, अगदी फुकट, असं तू लिहिलं होतंस. त्या फुकटात काय काय गेलं ते ऐक. गोनजीने नातवाच्या लग्नासाठी राखून ठेवलेली साकेची बाटली. तुझ्या काकूने केलेला चेस्टनटचा भात, पातेल्यासकट, कारण पातेलं त्याच्या गाडीतच राहिलं. सभागृहाच्या खिडकीची काच, कारण पडद्यावरची चित्रं दिसावीत म्हणून तिच्यावर काळा कागद चिकटवायचा होता. माझी करवत अर्धा दिवस बंद. आणि एवढं करून हवामानाविषयी गावाला काल जे कळत होतं, त्यातलंही थोडं कमी झालं.

माणूस वाईट नव्हता. नाव ओगाता म्हणाला. तुझ्यासारखाच हंगामी, आणि मार्चमध्ये तुम्हा दोघांत एकालाच खुर्ची मिळणार म्हणतेस, तो हाच ना? मी काकूला हळूच म्हटलं, याला जरा बेताने वाढ. ती म्हणाली, "खुर्ची ऑफिसात आहे, माझ्या स्वैपाकघरात नाही," आणि त्याला आणखी एक वाटी भात वाढला.

घोटाळा एका शब्दाने झाला. आपल्या जपानीत कार्बन लिहायचा म्हणजे पहिलं अक्षर कोळशाचंच. ओगाता म्हणाला, "तुमच्या डोंगरात साठलेला कार्बन परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्या विकत घेतील." गोनजीचा सगळा जन्म कोळसा पाडण्यात गेला. तो उठून उभाच राहिला.

"किती पोती?"

"पोती नाही, आजोबा. तो झाडातच राहू द्यायचा."

"मग ते नेणार काय?"

"काहीच नेणार नाहीत. तो तिथे आहे, त्याचे पैसे."

"म्हणजे कोंबडी कापायची नाही आणि रस्सा विकायचा. आणि तिकडे ते काय करणार?"

"ते तिकडे धूर सोडणार. तुमची झाडं इकडे तो शोषून घेणार."

"पादणार ते, आणि नाक आमचं," गोनजी म्हणाला.

यावर सभेने बराच विचार केला. नाक तसंही इथेच आहे, असं म्हणून वनसंघाचा अध्यक्ष या नात्याने मी ठराव मंजूर करून घेतला. डोंगर नोंदला गेला तर तुझी खुर्ची पक्की होते, हे मी सभेत बोललो नाही. सगळ्यांना माहीत होतं.

आता तपासणीला माणूस कधीही पाठव, फक्त सात नोव्हेंबरला नको. त्या दिवशी डोंगरदेवी झाडं मोजते. ती मोजत असताना डोंगरात कुणी पाऊल टाकत नाही.

पातेलं परत पाठव.


टोक्यो, ११ ऑक्टोबर
(चिनात्सुचं, इवाओकाकांना)

इवाओकाका,

पातेलं ओगाताकडून घेऊन धाडलं आहे. तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळींनी तर माझं काम केलं.

आमचा नियम असा की, नोंदलेल्या डोंगरातली झाडं दरवर्षी कुणीतरी मोजली पाहिजेत. मोजणारा वनसंघाचा सभासद नको आणि पैसे घेणाराही नको. असा माणूस मिळत नाही म्हणून अर्धे डोंगर बाद होतात. ओगाता ज्या डोंगराच्या मागे आहे त्याचंही तिथेच अडलंय. मी तुमचासुद्धा अर्ज बाजूला ठेवायच्या बेतात होते, आणि तुम्ही सहज लिहून जाता की डोंगरदेवी झाडं मोजते.

आधी मला हसूच आलं. आमच्याकडे बाबा आईला हेच म्हणतात. मित्रांबरोबर बसले की घड्याळ बघून, "चला, डोंगरदेवी वाट बघत असेल." मला वाटायचं बायकोला असं नाव ठेवायची खोड शहरातल्याच नवऱ्यांना असते. पण काका, काकू अख्खा डोंगर मोजते, तिला मोजता यावं म्हणून सगळं गाव घरी बसतं, आणि इतक्या वर्षांत तुम्ही हे एकदाही बोलला नाहीत. बायकांच्या कामाचं हे असंच होतं. अर्जात मी तिचं पूर्ण नाव घातलंय. साकामाकी मित्सुए, स्वतंत्र मोजणीदार. अनुभव: लग्नापासून.

हिरासेसाहेब, म्हणजे आमचे मुख्य तपासनीस, ते वाचून पहिल्यांदाच माझ्या टेबलापाशी थांबले. ते स्वतः येणार आहेत. सात नोव्हेंबरलाच, कारण त्यांना मोजणी चालू असताना बघायची आहे. तेव्हा खुर्चीचं सगळं आता त्या दिवसावर आहे. काकूला म्हणावं, घाबरू नको, नेहमीसारखंच मोज.


कामिओरी, १६ ऑक्टोबर

चिनात्सु पोरी,

हवा छान आहे. पर्सिमन पिकले. डास कमी झाले. रात्री पांघरूण लागतं.

सात तारखेचं जरा कठीण दिसतं. एक तर घाटात दरड पडली आहे. पडली नसली तर तोवर पडेल, लक्षणं तशीच आहेत. शिवाय रानडुकरं माजली आहेत. काकूचा गुडघाही दुखतो, आणि नेमका त्याच दिवशी सभागृहाची काच बसवणारा यायचा आहे.

मोजणीबद्दल बोललेलं काकूला फारसं आवडत नाही. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं तेव्हा तिने ते माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग मुळा चिरायला घेतला, आणि जरुरीपेक्षा बराच बारीक चिरला. नम्र बाई आहे.

हिरासेसाहेबांना आठ तारीख सुचवून बघ. आठलाही झाडं तेवढीच असतील.

पातेलं मिळालं. हे आमचं नाही.


टोक्यो, २२ ऑक्टोबर

इवाओकाका,

मी तिकडच्या रस्ते खात्याला फोन केला. दरड नाही. लक्षणंही त्यांना दिसली नाहीत. काचवाल्याला कुणी बोलावलेलंच नाही, त्यालाही विचारलं.

तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. डोंगर नोंदला गेला की करवत कायमची बंद, असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही, काका. विरळणी करता येते. दाट लावलेल्या झाडांतली मधली मधली काढली तर उरलेली जोमाने वाढतात, असं परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय. सोबत जोडलं आहे.

कृपा करून आडवे येऊ नका. साहेबांचं तिकीट निघालं. सातलाच.

ते पातेलं ओगाताच्या आईचं निघालं. त्या ते परत मागताहेत.


कामिओरी, ९ नोव्हेंबर

पोरी,

आता सगळं सांगतो. बसून वाच.

आधी परिपत्रकाचं. मी दुसऱ्याच्या करवतीखालचा भुसा झाडत मोठा झालो, मग करवत माझी झाली. दाट झाडं विरळ करावी लागतात, हे मला कागदाने सांगावं? युद्धानंतर सरकार म्हणालं, जिथे तिथे सुगी लावा, म्हणजे आपले सरळसोट देवदार. आम्ही सुगीची झाडं लावली, खांद्याला खांदा भिडवून. मग परदेशातून स्वस्त लाकूड आलं आणि ती काढायचं सगळेच विसरले. आज आत भरदुपारी कंदील लागतो. शहरातला माणूस लांबून बघतो आणि म्हणतो, किती हिरवंगार. अगं, उपाशी पोरांची रांग आहे ती, नुसती उंच वाढलेली. इतक्या वर्षांनी त्यांची चौकशी करायला कुणी आलं, तर ते झाडांसाठी नाही, धुरासाठी. असो. आलं हेही थोडं नाही.

आता मुख्य. डोंगरदेवी म्हणजे तुझी काकू नव्हे. डोंगरदेवी म्हणजे डोंगराची देवी. शहरातले नवरे बायकोला ते नाव देतात, कारण त्यांच्या जवळपास खरी राहत नाही. इथे कुणी दिलं तर दोघीही ऐकतील. ही बाई दिसायला यथातथाच आणि स्वभावाने हेवेखोर. सात नोव्हेंबरला ती आपली झाडं मोजते. त्या दिवशी जो आत सापडेल त्यालाही ती झाड म्हणून मोजते, आणि मग तो तिचा. म्हणून आम्ही घरी बसतो. तुझं पत्र आलं त्या दिवशीच मी हे लिहिणार होतो, पण तू खुर्चीचं लिहिलं होतंस, आणि माझी लेखणी आपोआप दरडीकडे वळली.

हिरासेसाहेब सकाळच्या बसने उतरले. उंच, सडपातळ, चेहऱ्यावर इस्त्री केलेली. काकू ओसरीवर शेंगा सोलत होती. साहेब तिच्यासमोर वही उघडून बसले.

"मोजणी कधी सुरू होते?"

"चालू आहे," काकू म्हणाली.

"पण तुम्ही इथे, आणि डोंगर तिथे."

"मोजायच्या दिवशी आत जायचं नसतं. जो आत जाईल तोही मोजला जातो. मग आकडा चुकतो."

साहेबांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. "याच विषयावर आमची मोठी कार्यशाळा झाली होती," ते म्हणाले. "इतकं नेमकं तिथे कुणाला सांगता आलं नाही."

लक्षात घे, काकू एक अक्षर खोटं बोलली नाही. चहा सांडला तो मी.

"तर मग मी नमुन्यादाखल थोडी झाडं तपासून येतो," साहेब उठत म्हणाले.

"आज नको," मी म्हटलं.

"का?"

"मोजले जाल," गोनजी म्हणाला. तो सकाळपासून कुंपणाशी उभा होता, शिल्लक राहिलेल्या कोळशाचं एक पोतं घेऊन. एवढा मोठा साहेब तरी ते विकत घेईल अशी त्याला आशा होती.

"मोजला जाईन? कशात?"

गोनजीने त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सुगीत धरेल. बारीक आहे, पण सरळ आहे." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "विरळणीत जाईल."

साहेब गेले. एकटेच, कारण गावातलं कुत्रंसुद्धा सोबतीला गेलं नाही. ऊन कलल्यावर परत आले तेव्हा एका पायात बूट नव्हता, केसांत काटक्या होत्या आणि मोजायचं यंत्र ओढ्यात राहिलं होतं. म्हणाले, पायवाट होती ती मध्येच नाहीशी झाली. आणि मागून कुणीतरी हळू आवाजात आकडे म्हणत होतं, पण तो वारा असणार.

"तुमच्यापाशी येऊन वारा थांबला का?" गोनजीने विचारलं.

"क्षणभर थांबला."

"मग झालं."

आता पेच बघ. साहेब तिच्या हिशेबात झाड. ते टोक्योला गेले की तिचं एक झाड कमी, आणि ते ती कुणाकडून तरी भरून घेणार. बसवाल्याने हे ऐकलं आणि तो साहेबांना गाडीत घ्यायला तयार होईना. "घाटात भरून घेतलं तर?" म्हणाला. त्याचंही बरोबर आहे. शेवटी आम्ही ओकोझे बाहेर काढला.

ओकोझे तू पाहिला नसशील. समुद्रातला मासा, पण इतका कुरूप की पकडणारासुद्धा तोंड फिरवून जाळ्यातून काढतो. आपल्याहून कुरूप कुणीतरी आहे हे बघून देवीला बरं वाटतं आणि ती धरलेलं सोडते. वाळवलेला मासा कागदात गुंडाळलेला असतो. डोंगराच्या पायथ्याशी जमायचं, कागद जरासा उघडून तिला नुसतं तोंड दाखवायचं, आणि सगळ्यांनी मोठ्याने हसायचं. एक जण जरी गप्प राहिला तरी सगळं फुकट.

आम्ही हसलो. साहेब नुसते उभे.

"हसा," काकू म्हणाली.

"कशाला?"

"माशाला."

साहेबांनी वाकून मासा नीट पाहिला. "हे तर आमचे संचालक," ते म्हणाले, अगदी गंभीरपणे, नोंद करावी तसे. मग त्यांचा एक खांदा हलला. मग दुसरा. आणि जे हसू फुटलं पोरी, ते आवरेना. खाली बसले, बुटाच्या पायाने जमीन बडवायला लागले. मध्येच थांबायचे, माशाकडे बघायचे, आणि परत. गोनजी घाबरला, म्हणाला, यांच्या अंगातच आली. काकू म्हणाली, "असू दे, बरंच साठलेलं दिसतंय."

साहेबांच्या बदली डोंगराच्या कडेला सुगीचं एक रोप लावलं, म्हणजे तिचा आकडा जुळेल. त्यांना माझे रबरी बूट दिले. बसमध्ये चढताना त्यांनी काकूला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, अहवालात सगळं जसंच्या तसं लिहितो.

मला भीती वाटते ती त्याचीच. खरं सांगून टाकायचं तर टाक. गप्प बसायचं असेल तर मी बसलेलाच आहे.


टोक्यो, २० नोव्हेंबर

इवाओकाका,

तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसले. खुर्ची गेली असंच वाटलं. मग विचार केला, निदान दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, आणि साहेबांच्या खोलीत जाऊन सांगून टाकलं. चूक माझी आहे, मोजणारी माझी काकू नाही, देवी आहे.

साहेब म्हणाले, "बसा." आणि नियमांचं पुस्तक काढलं.

"ती वनसंघाची सभासद आहे?"

"नाही."

"पैसे घेते?"

"नाही. मासा लागतो."

"मासा तिला देतात?"

"नाही, फक्त दाखवतात."

"म्हणजे लाच नव्हे. दरवर्षी मोजते?"

"हो."

"एखादं झाड सोडते?"

"उलट एखादं जास्तच धरते."

"ते मला माहीत आहे," साहेब म्हणाले. त्यांनी काकूचं नाव खोडून तिथे 'स्थानिक, कायमस्वरूपी' असं लिहिलं. मग मला अहवाल वाचायला दिला. काका, खरंच सगळं जसंच्या तसं आहे. जादा मोजणी झाल्यास दुरुस्ती: रोप लावून. तक्रार निवारणाची सोय: आहे, सामूहिक हास्य. तपासनिसाच्या सुरक्षिततेचे उपाय: आठ तारखेला यावे. मोजणीदाराची सही: मागण्याचे धाडस झाले नाही.

आता फाइल परदेशातल्या समितीकडे जाईल. त्यांनी नोंदणी दिली तर खुर्ची माझी, नाही तर ओगाताची. साहेब हल्ली संचालकांच्या बैठकीत खाली मान घालून बसतात. सगळ्यांना वाटतं, ते टिपणं घेताहेत.

तुमचं पातेलं सापडलं. ओगाताच्या आईला ते फार आवडलंय, त्या बदली करायला तयार आहेत.


कामिओरी, १२ जानेवारी

चिनात्सु पोरी,

नव्या वर्षाची तांदळाची चिकट मोची खाऊन झाली, कुणाच्या घशात अडकली नाही. बर्फ बेताचंच पडलं.

तू खुशाल झोप. खुर्ची तुझीच. फक्त ती कुणामुळे मिळाली ते विसरू नकोस. एक शब्द मी तुला वेळेवर समजावून सांगितला नाही, त्यावर सगळं उभं राहिलं. पोस्टात, पेट्रोलपंपावर, न्हाव्याकडे, सगळीकडे मी सांगून ठेवलंय. या गावातून आजवर लाकूड गेलं, कोळसा गेला, पोरं गेली. पण नुसतं गप्प बसून पुतणीला टोक्योत खुर्ची मिळवून देणारा मी पहिलाच. हे डोकं लागतं. न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत. गोनजी म्हणतो, "मग तुझाही कार्बनच झाला की. काही न करता मोबदला." तो स्वतः गेली वीस वर्षं कोळसा पाडत नाही, त्या न पाडलेल्या कोळशाचं बिल कुणाच्या नावाने करायचं, ते विचारतोय.

काकूचं नाव खोडलं हे मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुझं ते जुनं पत्र माझ्या खणातून नाहीसं झालं, आणि त्यातली एक पट्टी कापून फ्रिजवर लावलेली दिसली. 'स्वतंत्र मोजणीदार. अनुभव: लग्नापासून.' तेव्हापासून ती खरोखरच मोजायला लागली आहे. माझे मोजे, माझ्या सिगारेटी, माझे साकेचे पेले. आणि डोंगरदेवीसारखं वर्षातून एकदा नाही.

पातेल्याची बदली नको म्हणते.


टोक्यो, २८ मार्च

इवाओकाका,

इथे चेरी फुलायला लागली आहे. हवापाण्याचं झालं.

आज मला खुर्ची मिळाली. टेबलावर नावाची पाटीही ठेवली. काकूला पहिल्यांदा सांगा. आणि पातेलं मी स्वतः घेऊन येते, मेच्या सुट्टीत.

आता फाइलीचं. समितीने ती अजून उघडलेली नाही. जगभरचे इतके डोंगर त्यांच्याकडे साचलेत की आपला नंबर यायला तीन वर्षं लागतील, असं पत्र आलं. म्हणजे मोजणीदाराचं पान हिरासेसाहेब आणि मी सोडून अजून कुणीच वाचलेलं नाही, ना देवी असलेलं, ना आधीचं काकूचं नाव असलेलं. साहेब म्हणतात, घाई कुणाला आहे, ती मोजतेच आहे. नोव्हेंबरात ते आपलं रोप बघायला येणार आहेत. आठ तारखेला.

तुम्ही न्हाव्याकडे काय सांगितलं ते बाबांच्या कानावर आलंय. आता ते इथल्या त्यांच्या न्हाव्याला सांगताहेत. म्हणून खुर्ची कशी मिळाली ते तुम्हाला कळवते, दाढीचे पैसे परत द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. ओगाता फेब्रुवारीत त्याचा डोंगर बघायला गेला होता. सुगीच्या झाडांचे पराग त्याच्या नाकात गेले आणि तेव्हापासून शिंका थांबेनात. डोळे सुजले, औषधं झाली, मास्कवर मास्क झाले. गेल्या सोमवारी तो राजीनामा देऊन ओकिनावाला राहायला गेला. तिथे सुगीची झाडं नाहीत.